बचत गटाची बैठक कशी चालवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापूर शहर आणि आसपासच्या गावांतल्या महिला बचत गटांसाठी आहे. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, वही लिहिणारी मुलगी आणि भिंतीला टेकून "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणणारी सभासद, या सगळ्यांनी ते वाचावं किंवा वाचून घ्यावं. आमचा आग्रह एकच आहे. गटाचा पैसा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोजला जावा आणि त्याचा निर्णय सगळ्यांच्या तोंडून व्हावा. खालची उत्तरं त्याच आग्रहातून आली आहेत.

हप्ता आता फोनवरूनही पाठवता येतो. मग बसायचं कशाला?

बसायचं ते कर्जासाठी. गटातली रक्कम कुणाला द्यायची, किती द्यायची, ती कशी फेडणार, तिच्या घरी सध्या काय चाललंय, हे समोरासमोर बसल्याशिवाय कळत नाही. जिथे हप्ता घरोघरी फिरून गोळा होतो, तिथे काही महिन्यांतच एक ठरलेलं चित्र दिसतं. गोळा करणारी बाई एकच असते, वही तिच्याच कपाटात असते, शिल्लक किती हे तिलाच ठाऊक असतं आणि कर्जही तिच्या ओळखीत जातं. मग एके दिवशी कुणीतरी हिशेब विचारतं आणि दाखवायला कागद सापडत नाही. त्या बाईने एक पैसाही खाल्लेला नसतो, तरी गट फुटतो. तिचा दोष इतकाच की सगळं तिने एकटीने केलं, आणि बाकीच्यांचा दोष असा की त्यांनी ते तिला करू दिलं.

बँकेच्या बाजूनेही बैठकीला वजन आहे. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. गटाकडे गहाण ठेवायला काही नसतं, म्हणून बँक तेव्हापासून हजेरी, इतिवृत्त (बैठकीत काय ठरलं त्याची नोंद) आणि परतफेड बघूनच गटाची पत ठरवते. सहा महिने गट नीट चालला की कर्जासाठी प्रस्ताव करता येतो, आणि शाखेत पहिली मागणी इतिवृत्ताच्या वहीची होते. उमेद या राज्य सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गटांसाठी दहा नियम, म्हणजे दशसूत्री, दिली आहे. तिच्यातही पहिलं सूत्र नियमित बैठकीचंच आहे.

फोनवरून पैसे पाठवायचेच असतील तर ते गटाच्या बँक खात्यावर पाठवा, अध्यक्षांच्या स्वतःच्या नंबरावर नको. पुढच्या बैठकीत तो व्यवहार तारखेसह वाचून दाखवा.

गटात किती जणी असाव्यात? बैठक आठवड्याला की महिन्याला?

गट १० ते २० जणींचा असतो. बैठकीच्या दृष्टीने १२-१३ ही संख्या फार सोयीची. एकीची बचत, हप्ता आणि पासबुकावरची नोंद यांना दोन-अडीच मिनिटं लागतात. १२ जणींचं काम अर्ध्या तासात होतं, १९ जणींना पाऊण तास लागतो आणि तोवर मागची रांग गप्पांना लागलेली असते.

ज्या घरात मजुरी आठवड्याने येते, तिथे आठवड्याची बैठक ठेवा. दर आठवड्याला ५० रुपये काढणं जमतं, महिन्याचे २०० एकदम काढणं जड जातं. शिवाय चार आठवड्यांच्या चार बैठका हलक्या होतात आणि महिन्याची एकच बैठक दोन तास खाते. ज्यांचे पगार महिन्याने होतात किंवा ज्या वस्तीवर, रानात लांब राहतात, त्यांनी पंधरवड्याची ठेवावी. महिन्याच्या बैठकीत एक खाडा झाला की त्या बाईचा गटाशी दोन महिने संबंधच उरत नाही, म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

वार आणि वेळ कशी ठरवायची?

आधी तीन गोष्टी विचारून घ्या: नळाला पाणी कधी येतं, विड्या कारखान्यात कधी द्यायच्या असतात, आणि घरच्या माणसाची कामावरची पाळी कोणती. शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी आलं म्हटल्यावर बैठक सोडून घागरीकडे पळणारीला बोल लावण्यात अर्थ नाही. म्हणून वार ठरलेला असला तरी एक पर्यायी वार आधीच ठरवून ठेवा: "बुधवारी सात वाजता, बुधवारी पाणी असलं तर गुरुवारी सात वाजता." मग ऐन वेळी बारा फोन करावे लागत नाहीत.

विडी कामगार बायकांचा दिवस माल देऊन आल्यावर मोकळा होतो, त्यामुळे संध्याकाळ बरी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी कुणालाही बसवू नका. एकतर सकाळी आठच्या आत बसा, नाहीतर दिवेलागणीनंतर ओट्यावर किंवा गच्चीवर.

वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन बसा आणि अडचणीचे आठवडे खूण करून ठेवा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, आषाढीला घरातलं कुणीतरी पंढरपूरला असतं, श्रावणी सोमवार येतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, रमजानमध्ये संध्याकाळची वेळ चालत नाही. त्या आठवड्यांत बैठक रद्द करू नका, दोन दिवस मागे-पुढे करा.

जागा कशी असावी आणि बसायचं कसं?

अध्यक्षांच्या घरी कायमची बैठक नको. घर ज्याचं, आवाज त्याचा, हे आपोआप होतं. समाजमंदिर, अंगणवाडीची खोली, देवळाचा मंडप, नाहीतर पाळीपाळीने प्रत्येकीचं घर. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या वसाहतीत घरं लहान आहेत, तिथे दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरली तरी पुरे.

बसायचं गोल करून. यात शोभेचा भाग नाही. गोलात पैशाचा डबा मधोमध राहतो, सगळ्यांना तो दिसतो आणि कुणालाही कुणाच्या पाठीमागे लपता येत नाही. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या तिघी एकमेकींना चिकटून बसू नयेत. त्या तीन बाजूंना बसल्या तर चर्चाही पसरून होते, शेजारी शेजारी बसल्या की आपसांत कुजबुजून निर्णय करतात. खुर्ची आणायचीच तर गुडघेदुखीच्या मावशींसाठी आणा, पदासाठी नको.

बैठकीचा क्रम काय ठेवायचा?

१२ जणींच्या गटाला सव्वा तास पुरतो. पहिली पाच मिनिटं प्रार्थना किंवा एखादं गाणं आणि हजेरी. हजेरी नाव पुकारून घ्या, वही फिरवून नको; फिरणाऱ्या वहीत उशिरा आलेलीचीही सही वेळेवर आल्यासारखी पडते. मग पाच मिनिटं मागच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्याने वाचायचं आणि मागे जे ठरलं होतं ते झालं का हे विचारायचं. बँकेत पैसे भरायला कोण गेली होती? पावती कुठे आहे? पावती हातोहात फिरवा.

त्यानंतर पंचवीस-तीस मिनिटं बचत आणि परतफेड. मग वीस मिनिटं नव्या कर्जाच्या मागण्या. त्यानंतर दहा मिनिटं इतर विषय: आरोग्य तपासणी, मुलींची शाळा, एखाद्या योजनेचा अर्ज, वॉर्डातली गटार. शेवटच्या पाच-सात मिनिटांत रोख मोजणी, ठरावांचं वाचन आणि सह्या.

क्रम बदलू नका, विशेषतः परतफेड नेहमी कर्जाच्या मागणीच्या आधी. हातात किती रक्कम आली हे कळल्याशिवाय कर्जाची चर्चा सुरू झाली की आकडे हवेत फिरतात आणि एखादीला शब्द दिला जातो जो पाळता येत नाही.

इतर विषय कधी कधी पहिल्यांदा उसळून येतात, कारण ते जिव्हाळ्याचे असतात. ते दाबू नका. कागदाच्या तुकड्यावर विषय लिहा, सगळ्यांसमोर डब्याखाली ठेवा आणि सांगा, "अक्का, हा इथे ठेवला, हप्ते झाले की पहिला हाच." आणि खरंच तो पहिला घ्या. दोनदा असं झालं की बायका थांबायला तयार होतात. एकदा जरी विसरलात तरी पुढच्या वेळी कुणी थांबत नाही.

पैसे नक्की कसे मोजायचे?

सुरुवातीची शिल्लक आधी वाचायची, मग डबा उघडून ती तेवढीच आहे का हे एका सभासदाने मोजायचं, कोषाध्यक्षांनी नाही. दर बैठकीला मोजणारी वेगळी. प्रत्येकीने आपली रक्कम डब्यात टाकताना मोठ्याने सांगायची: "बचत पन्नास, मुद्दल पाचशे, व्याज नव्वद." सचिवांनी तोच आकडा परत म्हणून वहीत आणि तिच्या पासबुकात लिहायचा. दोन ठिकाणची नोंद एकाच वेळी झाली पाहिजे. "पासबुकं ठेवून जा, मी घरी भरते" या वाक्याने फार घोळ झालेले आहेत.

एका आठवड्याचा हिशेब नमुन्याला घेऊ. सुरुवातीची शिल्लक ३४० रुपये. १२ जणींची बचत ६००, मुद्दल परत आलं १,९००, व्याज २५०, दंड २०. एकूण ३,११०. त्यातून एक कर्ज दिलं २,५०० चं. उरले ६१०. डब्यात ६१० निघाले तर पुढे जायचं. ६०० निघाले तर कुणीही उठायचं नाही. दहा रुपयांचा फरक त्याच वेळी सापडतो, पुढच्या आठवड्यात तो कधीच सापडत नाही. बहुधा कुणाचा तरी दंड लिहिलेला असतो पण घेतलेला नसतो.

डबा कोषाध्यक्षांकडे, किल्ली दुसऱ्या सभासदाकडे आणि वह्या तिसऱ्या घरी. मोठी रक्कम जमली की दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून बँकेत भरावी. खातं गटाच्या नावावर ठेवा; सहीचा अधिकार तिघींना आणि व्यवहार त्यातल्या दोघींच्या सहीने.

दोघी-तिघीच बोलतात, बाकीच्या मान हलवतात. काय करावं?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो. "बोला की गं" असं म्हटल्याने कुणी बोलत नाही. आधी गप्प बसण्याचं कारण ओळखा, कारण दर वेळी ते वेगळं असतं.

एक कारण भाषा. सोलापुरात एकाच गटात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणाऱ्या बायका असतात. बाजारात सगळ्यांना सगळं कळतं, पण "अनुमोदन", "मुद्दल", "ठराव" हे शब्द आले की अनेकींचा धागा तुटतो. अशा गटात प्रत्येक ठराव वहीत मराठीत लिहा आणि तोंडी दुसऱ्या भाषेत सांगा. सांगणारी एक मुलगी ठरवून ठेवा. मग उलट विचारा: "आत्ता काय ठरलं ते तुम्ही सांगा, आपा." ते नीट सांगता आलं तरच ठराव झाला असं धरा.

दुसरं कारण नातं. सासू आणि सून एकाच गटात असतील तर सून सासूच्या आधी बोलणार नाही आणि नंतर वेगळं बोलणार नाही. शक्यतो दोघी वेगळ्या गटांत असाव्यात. ते जमत नसेल तर फेरीत सुनेची पाळी आधी येईल असं बसवा.

तिसरं कारण थकबाकी. जिचे दोन हप्ते राहिलेत ती कुठल्याच विषयावर तोंड उघडत नाही, कारण कुणीतरी "आधी हप्ता भर" म्हणेल ही भीती असते. असं कुणी म्हटलं तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावं. हप्त्याचा विषय हप्त्याच्या वेळी. मत द्यायचा हक्क हप्त्यावर अवलंबून नाही.

आता रीत. महत्त्वाच्या विषयावर फेरी घ्या: डावीकडून एकेकीने एक वाक्य बोलायचं, मध्ये कुणी उत्तर द्यायचं नाही, "पास" म्हणायलाही परवानगी. अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलतील. त्या आधी बोलल्या की पुढच्या अकरा जणी "ताई म्हणतात तसंच" म्हणतात आणि फेरी वाया जाते. पुढच्या बैठकीला फेरी उजवीकडून सुरू करा.

फार बोलणारीसाठी चिंचोके वापरा. प्रत्येकीला तीन चिंचोके द्या. एकदा बोललं की एक मध्ये ठेवायचा. तीन संपले की ऐकायचं. ज्यांच्या हातात तिन्ही उरलेत त्यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा आपोआप वळतात, आणि मग त्यातली एखादी हळूच एक चिंचोका पुढे सरकवते. हे दर वेळी करायची गरज नाही, तीन-चार बैठका केलं की सवय बदलते.

आणखी एक साधा उपाय: अवघड विषयावर आधी शेजारी शेजारी दोघींना तीन मिनिटं आपसांत बोलू द्या, मग प्रत्येक जोडीतल्या एकीने सांगायचं. शेजारणीजवळ बोललेलं सगळ्यांसमोर बोलायला निम्मीच हिंमत लागते.

कर्ज आधी कुणाला, यावरून दर वेळी वाजतं.

वाजणारच, कारण मागण्या पाच आणि रक्कम एकीपुरती. नियम मागणी येण्याआधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बहुतेक गटांत असा क्रम चालतो: दवाखाना, मग शाळा-कॉलेजची फी, मग धंद्याचं भांडवल, मग घरदुरुस्ती, मग कार्यक्रम. एकाच कारणाच्या दोन मागण्या असतील तर जिने अजून एकदाही कर्ज घेतलं नाही ती आधी. पदाधिकाऱ्यांची मागणी असेल तेव्हा बैठक दुसऱ्या सभासदाने चालवावी.

मागणी करणारीला चार प्रश्न विचारा, सगळ्यांना तेच चार: कशासाठी, किती, हप्ता कुठून येणार, आणि आणखी कुठे हप्ता चालू आहे का? शेवटचा प्रश्न टाळू नका. बाहेरच्या फायनान्सचे दोन-तीन हप्ते एकाच घरात चालू असतात, आणि गटाचं कर्ज त्या हप्त्यासाठी गेलं तर दोन्हीकडे अडचण होते. विचारताना आवाज चौकशीचा नको, काळजीचा असू द्या.

व्याज कसं लावायचं हेही मंजुरीच्या वेळीच बोला. ५,००० रुपये, दहा महिने, शेकडा २ रुपये दरमहा असं कर्ज घ्या. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्यात ९०, असं उतरत शेवटी १०. एकूण ५५० रुपये. दर महिन्याला पूर्ण ५,००० वरच १०० धरले तर एकूण १,०००. फरक ४५० रुपयांचा आहे, आणि "माझ्याकडून जास्त घेतले" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. आम्ही उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरायला सांगतो. पैसा आपलाच, घेणारीही आपलीच.

एखादीचे हप्ते थकले तर बैठकीत कसं बोलायचं?

पहिलं बोलणं बैठकीत नकोच. पहिला हप्ता चुकला की दोघींनी तिच्या घरी जाऊन यावं: एक तिच्या जवळची आणि एक पदाधिकारी. बैठकीत फक्त दोन प्रश्न: किती भरू शकाल आणि कधीपासून? ५०० चा हप्ता झेपत नसेल तर २५० करून मुदत वाढवा, आणि तसा ठराव लिहा. तोंडी सवलत दिली की पुढच्या महिन्यात प्रत्येकीला तीच सवलत हवी असते आणि कुणाला काय दिलं हे कुणालाच आठवत नाही.

ती ५० रुपये घेऊन आली तर ५० घ्या. "पूर्ण आणा, नाहीतर नको" असं म्हटलं की ती पुढच्या वेळी येतच नाही, आणि बैठकीला न येणारीकडून वसुली फार अवघड. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज द्यायचं हा मात्र उपाय नाही. वहीत सगळं नीट दिसतं आणि डब्यात काही येत नाही. दुसऱ्या गटाच्या, बँकेच्या किंवा घरच्या माणसांसमोर थकबाकीची नावं वाचू नका. एकदा अपमान झालेली बाई हप्ताही देत नाही आणि गटही सोडते.

बैठकीत विड्या वळू द्यायच्या का?

हजार विड्यांवर मजुरी ठरते, त्यामुळे सव्वा तास हात थांबणं म्हणजे तेवढी मजुरी जाणं. सूप मांडीवर घेऊन आलेल्या बाईला बाहेर काढणं योग्य नाही. पण बचत, परतफेड आणि रोख मोजणीच्या वेळी सुपं बाजूला ठेवावीत, एवढा नियम करा. तंबाखू लागलेल्या हाताने नोटा, वह्या हाताळल्या की वास आणि डाग राहतात, आणि मान खाली असली की डबा दिसत नाही. कर्जाच्या चर्चेत हात चालू राहिले तरी हरकत नाही. तान्ही मुलं असतील तर सुपं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पोरांपासून लांब.

सभासदाच्या जागी नवरा किंवा मुलगा आला तर?

हप्ता घ्या, पाणी द्या आणि निरोप द्या. त्याची हजेरी लागत नाही आणि मतही नाही. हा नियम पहिल्याच वेळी पाळला तर वाईटपणा येत नाही. चौथ्या वेळी आठवला तर येतो. लहान मुलं मात्र येणारच. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात जागा करा आणि मोठ्या मुलींपैकी एकीला त्यांच्याकडे बसवा, म्हणजे आईचं अर्धं लक्ष दाराकडे राहणार नाही.

इतिवृत्तात काय आणि किती लिहायचं?

एक पान पुरे. तारीख, वेळ, जागा, हजर किती, गैरहजर कोण आणि का. मग रकमा. मग ठराव, एकेक करून. कोण काय बोललं हे लिहू नका, काय ठरलं ते लिहा. ठराव असा असावा: "सभासद क्र. ७ यांना मुलीच्या प्रवेश फीसाठी ५,००० रुपये कर्ज मंजूर. १० मासिक हप्ते, मुद्दल ५०० रुपये, व्याज उरलेल्या मुद्दलावर शेकडा २ रुपये दरमहा. पहिला हप्ता पुढच्या महिन्यात." खाली सूचक (ठराव मांडणारी), अनुमोदक (त्याला दुजोरा देणारी) आणि सगळ्यांच्या सह्या. "कर्जाबाबत चर्चा झाली" या ओळीचा कुणालाही काही उपयोग नाही, बँकेला तर नाहीच.

लिहून झालं की सह्यांच्या आधी वाचून दाखवा. ओळींमध्ये मोकळी जागा सोडू नका. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि छोटी सही. खाडाखोड किंवा पांढरी शाई नको. कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. तिच्याइतकी धोक्याची दुसरी सवय नाही.

किती जणी हजर असल्या म्हणजे निर्णय घ्यायचा?

दोन तृतीयांश. १२ च्या गटात ८. आठपेक्षा कमी असतील तर बचत आणि हप्ते घ्या, पण कर्ज देऊ नका आणि नियम बदलू नका.

मतदान करावं लागलं तर हात वर करायला लावायचे का?

साध्या विषयाला चालतं. पदाधिकारी निवडताना किंवा एखादीला गटातून कमी करताना नको, कारण शेजारणीच्या समोर हात वर करणं सोपं नसतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी शेंगदाणा आणि हरभरा वापरा. प्रत्येकीला एकेक द्या: शेंगदाणा म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. मूठ बंद करून तोंड लहान असलेल्या मडक्यात एकच दाणा टाकायचा, उरलेला दुसऱ्या मडक्यात. १२ जणी असतील तर दोन्ही मडक्यांतले दाणे मिळून २४ भरले पाहिजेत. पहिलं मडकं सगळ्यांसमोर सतरंजीवर उपडं करून मोजा.

पदं दोन-तीन वर्षांनी बदला. नवी सचिव निवडली की जुनीने तीन बैठका तिच्या शेजारी बसून वही लिहायला शिकवावी. "तिच्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही" असं ज्या गटात म्हणतात तिथे बहुधा कुणाला शिकवलेलंच नसतं.

हजेरी घसरली आहे. दंड वाढवावा का?

नाही. ५ किंवा १० रुपयांचा दंड ठीक आहे, त्याने शिस्त राहते. तो ५० केला की येऊ न शकलेली बाई पुढच्या वेळीही येत नाही, कारण आता तिच्यावर दोन दंड आहेत. हजेरी घसरली की आधी घड्याळ बघा. सातची बैठक पावणेआठला सुरू होत असेल तर वेळेवर येणाऱ्यांनी उशिरा यायला सुरुवात केलेली असते. तीन जणी आल्या तरी ठरल्या वेळी प्रार्थना सुरू करा. मग बघा, बैठक सव्वा तासात संपते का? त्यानंतर विचार करा, गेल्या तीन महिन्यांत कर्ज कुणाकुणाला मिळालं? तीच चार नावं फिरत असतील तर बाकीच्यांनी का यावं?

बँकेचे साहेब, नेते, कंपनीची माणसं बैठकीत येतात. त्यांना कधी बोलू द्यायचं?

सुरुवातीला, पंधरा मिनिटं, आणि मग त्यांना निरोप. पाहुणा आधी, पैसा नंतर. परक्या माणसासमोर डबा उघडायचा नाही. बँकेचे अधिकारी गट कसा चालतो हे बघायलाच आले असतील तर ते बसतील, त्यांना सगळं बघू द्या आणि नेहमीसारखीच बैठक चालवा. काही विकायला आलेल्याला त्याच दिवशी होकार देऊ नका. कितीही चांगलं वाटलं तरी निर्णय पुढच्या बैठकीत.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर निर्णय घेतले तर चालतात का?

निरोपाला चालतो, निर्णयाला नाही. सगळ्यांकडे फोन नसतो, असला तर तो मुलाच्या हातात असतो, आणि अंगठ्याचं चित्र ही सही होत नाही. बैठकीची आठवण, बँकेच्या पावतीचा फोटो, योजनेची शेवटची तारीख यांसाठी तो जरूर वापरा. कुणाच्या थकबाकीचा उल्लेख तिथे करू नका.

उद्या आमची पहिली बैठक आहे. काय काय लागेल?

सतरंजी, कुलपाचा पत्र्याचा डबा, इतिवृत्ताची वही, रोख वही, कर्ज-बचतीची वही, प्रत्येकीचं पासबुक, दोन पेनं, शाईचं पॅड, पट्टी, कॅल्क्युलेटर, आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. सुटे नसले की पहिल्याच दिवशी "तुमचे तीस माझ्याकडे राहिले" असा तोंडी हिशेब सुरू होतो.

पहिल्या दिवशी कर्ज देऊ नका आणि पदाधिकारीही निवडू नका. प्रत्येकीने नाव, कामधंदा आणि गटात का आले हे सांगायचं. मग वार, वेळ, बचतीची रक्कम आणि दंड ठरवा. बचत ठरवताना सगळ्यात कमी कमाई असलेलीला विचारा तिला किती झेपेल, आणि तोच आकडा सगळ्यांसाठी धरा. पहिली बचत मोजा, मोठ्याने सांगा, वहीत लिहा, सह्या आणि अंगठे घ्या, डब्याला कुलूप लावा. किल्ली कुणाकडे राहील हेही वहीत लिहून ठेवा.